कोतवालीतली रोजची ओळ

सात वर्षं मी एका जुन्या राजधानीच्या कोतवालीत नोकरीला असल्यासारखी वागत होते. साडेपाचशे वर्षांपूर्वीचं शहर, त्याच्या बारा पेठा, आणि प्रत्येक पेठेच्या कारकुनाने रोज फेरी मारून वहीत लिहायची एक ओळ: 'फेरी झाली, सर्व कुशल.' त्यांतल्या एका पेठेच्या नऊ वर्षांच्या वह्या शाबूत मिळाल्या होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता. त्या बळावर मी पुस्तक लिहिलं की, तिथला राज्यकारभार रोजच्या रोज माणसाच्या दारापर्यंत पोहोचत होता. विद्यापीठाच्या इतिहास विभागात मला 'कोतवालीणबाई' म्हणत. मला ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू.

सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकांवर दिवस काढल्यावर एकदाची कायमची जागा निघाली होती. मुलाखत गुरुवारी होती आणि माझी सगळी भिस्त त्या पुस्तकावर होती. रविवारी मी मुखपृष्ठासाठी वहीचं एखादं देखणं पान शोधत संगणकासमोर बसले होते. आई मागे उभी होती. ती निवृत्त नर्स. तिला जुनी लिपी वाचता येत नाही, पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला लिपी कुठे लागते?

"हे सगळं एका बैठकीत लिहिलंय," ती म्हणाली.

"आई, हा अख्खा महिना आहे. तीस दिवसांच्या तीस ओळी."

"असेल. पण शाई बघ ना. बोरू बुडवला की अक्षर गडद येतं, मग फिकट होत जातं. रोज एकच ओळ लिहिली असती, तर प्रत्येक ओळीची सुरुवात गडद नसती का झाली? इथे चार ओळी फिकट होत गेल्यात आणि पाचवीच्या मध्येच पुन्हा बुडवलाय. आम्ही वॉर्डात तापाचे तक्ते असेच भरायचो. दर चार तासांचा ताप, ड्यूटी संपताना एकदम."

"तुझा वॉर्ड वेगळा आणि माझी राजधानी वेगळी," मी म्हटलं. सात वर्षं मी काही झोपा काढल्या नाहीत, हेही ऐकवलं. ती "बरं" म्हणून आत गेली. तिचं ते 'बरं' मला लहानपणापासून सोसत नाही.

मग मी बघायला लागले. चूक माझीच होती. पहिल्याच वर्षी मी सगळ्या वह्या स्वच्छ अक्षरात उतरवून घेतल्या आणि पुढे माझीच नक्कल वाचत राहिले. माझ्या नकलेतली शाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी निळी होती.

सोमवार-मंगळवार नऊ वर्षांची पानं पाहिली. महिनेच्या महिने एका बैठकीत भरलेले. फेरी मारलीच कुठे होती! मला रडू आलं. फक्त सतरा दिवस वेगळे निघाले, तेही लागोपाठचे. त्यांतली प्रत्येक ओळ गडद सुरू झालेली. ते दिवस मला पाठ होते. शहरात साथ आली होती आणि दरबार वेशीबाहेर जाऊन राहिला होता. तेव्हा मात्र तो कारकून रोज वही उघडून लिहीत होता. शब्द तेच, कारण दुसरं काही लिहायची पद्धतच नव्हती. अठराव्या दिवशी अक्षर बदलतं. माझ्या नकलेच्या समासात तिथे मी लिहून ठेवलं होतं: 'बदली झाली असावी.'

विभागप्रमुखांना फोन केला. "गुरुवार होऊ द्या हो," ते म्हणाले, "शाई कोण बघतंय?" मला ते पटलं. बुधवारभर पटलेलंच होतं.

गुरुवारी अध्यक्षांनी पुस्तकाचा मुख्य मुद्दा थोडक्यात सांगायला सांगितलं. मी तोंड उघडलं, आणि तो मुद्दा काही बाहेर पडेना.

"मुद्दा चुकलाय," मी म्हटलं आणि शाईचं सगळं सांगितलं.

"मग तुमच्या पुस्तकात उरतं काय?"

"सतरा दिवस."

कोणी हसलं नाही. त्यांना अजून चार उमेदवार बघायचे होते.

जागा दुसऱ्याला मिळाली. आईला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी गप्प बसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो, हवं होतं," मी म्हणाले, कारण त्या वेळी मला तिचा खरंच राग आला होता. दुपारची जेवणं झाली. भांडी आवरताना तिनेच विषय काढला.

"तो माणूस साथीतच गेला का गं?"

"माहीत नाही. त्याची कुठेच नोंद नाही."

"मग तू कर," आई म्हणाली.