दार बंद होतं

तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जाईना. अतिथीगृहाच्या मोरीत उभी राहून नवी चौथ्यांदा हात घासत होती आणि बाहेर सभागृहात मंडळी एकमेकांना हसून नमस्कार-चमत्कार करत होती. सडलेल्या मासळीचा वास मोठा चिवट असतो. तो केसात बसतो, नखात बसतो, आणि नाक दाबलं तर घशात उतरतो. तशात भिंतीपलीकडून कुणीतरी मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारत होतं, त्याने तर शिसारीच आली. घाणीवर अत्तर शिंपडलं की घाण जात नाही, फक्त अत्तर वाया जातं.

नवी हे काही तिचं नाव नव्हे. ऊर्जा खात्यात लागली त्या दिवशी संचालक साहेबांनी "ती नवी कुठे आहे?" म्हणून हाक मारली, ती चिकटली. लहानशा देशाचं लहानसं खातं. सगळं बेट एका नजरेत मावेल एवढंच. वादळं वाढताहेत, समुद्र चढतोय, डिझेल दुरून आणावं लागतं, म्हणून सूर्यावर चालणारी वीज. हेच शिकायला ती शिष्यवृत्तीवर बाहेर गेली होती आणि शिकून परत आली होती. नेमणूक अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही, ते साहेबांच्या हातात.

धक्क्यावरचं पांढरं शीतगृह हे तिचं पहिलं काम. एका निधीतून ते उभं राहिलं आणि चालवायला कोळणींच्या गटाकडे दिलं. गटाची प्रमुख तिची मावशी. आई गेल्यावर याच मावशीने तिला वाढवलं, डोक्यावर टोपल्या वाहून शिकवलं. पूर्वी दुपारपर्यंत मासळी विकली नाही तर बायका पडेल त्या भावाने देऊन टाकायच्या. शीतगृह आलं आणि पहिल्यांदा त्यांना व्यापाऱ्याला "उद्या ये" असं म्हणता आलं. मावशीला या वाक्याची इतकी गोडी लागली होती की ती ते गरज नसतानाही म्हणायची.

बेटावरची वीज रांगेने मिळत असे. बॅटरी उतरू लागली की यंत्र आपोआप आधी तिसरी रांग तोडायचं, मग दुसरी. पहिली रांग शेवटपर्यंत चालू. कोण कुठल्या रांगेत, हे नवीनेच घरोघर विचारून ठरवलं होतं. पहिल्या रांगेत दवाखाना, पाण्याचा पंप आणि शीतगृह. अतिथीगृह तिसऱ्या रांगेत, रस्त्यावरच्या दिव्यांबरोबर.

मग ही कार्यशाळा आली. विषय होता, 'वाढत्या उष्णतेशी जुळवून घेताना'. निधीवाले येणार, सल्लागार येणार, आणि नेमकं आभाळ भरून आलं. साहेबांनी नवीला बोलावलं.

"पाहुणे घामाघूम झाले तर कसं दिसेल? सभागृह पहिल्या रांगेत घे."

"मग पहिल्यातलं काहीतरी खाली काढावं लागेल, साहेब. बॅटरी पुरणार नाही."

"काढ की. दवाखाना नको, बोंब होईल. पंप नको, पाहुण्यांना अंघोळी आहेत. ते मासळीचं बघ."

"जनरेटर लावला तर?"

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने शिवी दिली. जनरेटर होता, तो महिन्यापूर्वीच बोटीत घालून दुसऱ्या बेटावर धाडला होता, कारण धक्क्यावर आता पाटी लागली होती: 'शंभर टक्के सूर्यावर चालणारं बेट'. पाटीचा फोटो चांगला आला होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

नवीने स्वतःची समजूत घातली. शीतगृह भरलेलं आहे, दार बंद ठेवलं तर दिवसभर गारवा टिकतो, उद्या ऊन पडेलच. तिने रांगा बदलल्या. पडद्यावर बोट एकदा टेकवायचं, एवढंच काम होतं ते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

पहिल्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला होता. "आत वीज नाही गं."

"ढग आहेत ना मावशी. तुम्ही दार तेवढं उघडू नका. गारवा टिकतो."

दोन्ही वाक्यं खरी होती, आणि दोन्ही मिळून शुद्ध थाप होती. पण मावशीने ती देववाणीसारखी पाळली. वीज गेली की दार उघडायचं नाही, हे नवीनेच सगळ्या बायकांकडून घोकून घेतलं होतं. मावशीने कडीला दोर बांधला आणि दारासमोर स्टूल टाकून बसली. मधेच एकीला आत डोकावून बघावंसं वाटलं, तर मावशी तिच्या अंगावर खेकसली, "पोरीने सांगितलंय ना! तिचं शिक्षण काय वाया गेलं का?"

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दाराखालून पाणी आलं. गुलाबी, बुळबुळीत. तेव्हा कुठे दार उघडलं. नवी धावत पोचली तेव्हा बायका नाकाला पदर बांधून टोपल्या ओढत होत्या. मासळी फुगली होती, पोटं फुटली होती, डोळे पांढरे पडून बाहेर लोंबत होते, आणि सगळ्यातून पांढरट फेस येत होता. एकीने तिथेच ओकारी केली. नवीने बाह्या सरसावल्या आणि खड्ड्यापर्यंत टोपल्या वाहिल्या. तेवढ्यात साहेब आले. नाकाला रुमाल, हातात फोन. त्यांनी दाराचा एक फोटो काढला आणि निघून गेले. बिचारे हळहळायला आले होते, असं तिला वाटलं. तिचा हा भोळेपणा नंतर तिलाच सहन होईना.

"सापडलीस एकदाची!" साहेब मोरीच्या दाराशी उभे होते. "पुढचं सत्र तुझं. शेवटी एक चित्र मी घातलंय, तेवढं वाचून दाखव."

त्यांनी लॅपटॉप पुढे केला. पडद्यावर सकाळचा फोटो. शीतगृहाचं दार सताड उघडं, नाकाला पदर बांधलेल्या बायका, कडेला टोपलीला लागलेलं एक कोपर. ते कोपर नवीचंच होतं. खाली लिहिलं होतं: 'दार उघडं राहिल्याने मालाचं नुकसान. मानवी चूक. व्यवस्थापन अनुभवी हाती देण्याची शिफारस.'

"साहेब, हे खोटं आहे. दार बंद होतं. उलट दोन दिवस कुणी उघडू दिलं नाही."

"हळू बोल." साहेबांनी समजावणीचा सूर लावला. तो सूर ऐकून तिच्या अंगावर काटा आला. "हे बघ, चूक कुणाची तरी दाखवावी लागते. यंत्राची म्हटलं तर निधी अडतो. माझी म्हटलं तर खातं अडतं. तुझी म्हटलं तर तुझी नेमणूक अडते. बायकांचं काय जातंय?"

"त्यांचं शीतगृह जातंय!"

"जात कुठे नाही, इथेच राहतंय. आमचे साडू आहेत, बर्फाच्या धंद्यात मुरलेले. ते नीट चालवतील. बायका मासळी ठेवतीलच की, भाडं देऊन."

म्हणजे साडूंची सोय आधीच झालेली होती; मासळी फक्त वेळेवर सडली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिने मावशीच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. तो दांडा आपण आहोत, हे मोरीत ओल्या हातांनी उभं असताना तिला कळलं. साहेबांची किळस आली, पण त्याहून जास्त आली ती स्वतःच्या त्या एका बोटाची.

सभागृहात हुडहुडी भरेल असा गारवा होता. मंडळी खांद्यावर शाली ओढून उष्णतेवर बोलत होती. समुद्राकडच्या खिडक्यांच्या फटींना आज सकाळी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, वास येऊ नये म्हणून. मोठा सल्लागार सांगत होता की बेटावरच्या लोकांनी सवयी बदलायला हव्यात. दर महिन्याला नव्या देशात जाऊन उंटावरून शेळ्या हाकायचा त्याचा धंदा होता, आणि बोलता बोलता तो नाकाने असे काही कांदे सोलत होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. प्रत्येकाच्या पुढ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कापडी पिशवी होती.

नवी उठली. पहिली चित्रं तिने पटापट दाखवली. मग ते आलं. उघडं दार पडद्यावर भिंतीएवढं झालं आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी चुकचुकल्यासारखं केलं. साहेबांनी मान डोलावली: वाच.

"हा फोटो आज सकाळचा आहे," ती म्हणाली. "मासळी सडल्यानंतरचा. घाण उपसण्यासाठी दार उघडलं तेव्हाचा. ते कोपर माझं आहे. त्याआधी दोन दिवस दार बंद होतं, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. वीज ढगांमुळे गेली नाही. मी तोडली."

निधीकडून आलेल्या पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला. सगळे पैसे त्यांच्या सहीने सुटत, म्हणून तीन दिवस सगळे त्यांच्याच खुर्चीभोवती घोटाळत होते.

"तोडून ती दिली कुठे?" त्यांनी विचारलं.

"इथे, बाई. तुमच्या डोक्यावर."

सगळ्यांनी वर पाहिलं. एसी संथपणे घुमत होता.

"नवी आहे," साहेब हसत उठले. "पोर भावुक झाली. तिची मावशीच आहे ना त्या गटात."

थोडं हसू उमटलं. मागच्या बाजूला एकाला बहुधा खरंच गुदमरल्यासारखं झालं असावं, कारण त्याने चिकटपट्टी ओढून खिडकी जराशी उघडली. त्यासरशी वास आत आला. लगेच सल्लागार ओरडला, "अहो, खिडकी लावा! गारवा सगळा बाहेर चाललाय."

एवढं ऐकूनही याला गारव्याचीच पडली होती! नवीला वाटलं, आता आपण इथेच ओकू. ती ओकली नाही. तिने लॅपटॉपवर रांगांचं पान उघडलं. सगळ्यांच्या देखत, भिंतीएवढ्या पडद्यावर, शीतगृह पहिल्या रांगेत चढलं आणि सभागृह तिसऱ्या रांगेत उतरलं. साहेब "अगं, अगं" करत पुढे धावले. बॅटरी उतरलेलीच होती. एसी एकदा उसासला आणि बंद पडला. पडदा विझला.

बंद खोलीत एवढी माणसं. शाली भराभर उतरल्या. मग खिडक्या उघडाव्याच लागल्या, सगळ्या, चिकटपट्ट्या फाडून. धक्क्यावरचा वारा मोगरा तुडवत सरळ आत शिरला. रुमाल निघाले. एक जण पिशवीतच ओकला, त्या नव्या कापडी पिशवीत. मंडळी व्हरांड्यात पळाली, तर समोरच खड्ड्याकडे शेवटच्या टोपल्या नेणाऱ्या बायका. वरातीसमोर प्रेत यावं तसं झालं. कुणाला कुठे बघावं कळेना.

चष्म्याच्या बाई तेवढ्या रुमाल न लावता उभ्या राहिल्या. "ती शिफारस काढून टाका," त्या साहेबांना म्हणाल्या. "शीतगृह गटाकडेच राहील. बाकीचं नंतर बोलू." त्याही सकाळपासून शाल पांघरूनच बसल्या होत्या, हे नवी विसरली नव्हती. म्हणून तिला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत.

साहेब जवळ आले. हसू अजून तोंडावर तसंच होतं, कारण पाहुणे बघत होते. "उद्यापासून येऊ नकोस," ते दात न उघडता म्हणाले.

"बरं," नवी म्हणाली आणि धक्क्याकडे चालू लागली.

शीतगृहाचं यंत्र घरघरू लागलं होतं. अर्धवट लोटलेल्या दारातून आतली धुतलेली फरशी आणि रिकामे कप्पे दिसत होते. मावशी अजूनही दारासमोर त्याच स्टुलावर बसली होती, पदर नाकावरून खाली आलेला. सभागृहात हजर असलेला खात्याचा वायरमन आधीच येऊन सगळं सांगून गेला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मावशी, शीतगृह तुमच्याकडेच राहतंय."

"हं."

"मी तुला ढग म्हणून सांगितलं. ते..."

"कळलं मला." मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोन दिवस राखण केली मी. पाणी प्यायलाही उठले नाही. कशाची राखण केली गं? सडण्याची?"

तिने हात पाठीमागे घेतले. वास अजून गेला नव्हता. तिला वाटलं मावशी आता हाकलून देईल, आणि दिलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

मावशी उठली. कडीला अजून लोंबणारा दोर तिने सोडला, दार भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकललं आणि पुन्हा बंद होऊ नये म्हणून ते स्टूल त्याला अडकवलं.

"वास जाईपर्यंत असंच राहू दे," ती म्हणाली. "आणि बोलाव तुझ्या साहेबाला. म्हणावं, आता काढ फोटो. आता उघडलंय बायकांनी दार."