नऊ नंबरचा पाय

“टाच अजून टणक लागतेय,” तो म्हणाला आणि वळून पुन्हा पॅसेजच्या टोकापर्यंत चालत गेला.

चाचणी विभागातल्या बाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या यंत्राने सकाळभर याच नमुन्याच्या टाचेवर वजन आपटलं होतं आणि आकडा हव्या त्याहून मऊच आला होता; हवा तिथे तो पहिल्या नमुन्यालाच आला होता. त्यांनी तसं सांगितलं. दोनदा फोम मऊ करून झाला आहे, आता आणखी केला तर बूट राहणार नाही, उशी होईल, असंही सांगितलं.

“यंत्राला गुडघे नसतात, बाई.”

“मला आहेत. दोन्ही दुखतात. म्हणून मी बूट बनवायला बसत नाही.”

तो हसला. बाईंनी मान हलवली आणि चौथा नमुना मऊ करायला सांगायला गेल्या. त्या विभागात असंच चालायचं. आकडा यंत्र देई, शेवटचा शब्द पायाचा असे, आणि पाय त्याचा होता.

खेळाच्या बुटात वरचं कापड आणि जमिनीला लागणारं रबर यांच्यामध्ये फोमचा जो जाड थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. धावणाऱ्याचं वजन तो झेलतो. बूट विकत घेणारा रंग बघतो, नाड्या बघतो, मिडसोल कोणी बघत नाही. पॅसेजमध्ये चालणाऱ्या या माणसाचं सगळं आयुष्य या न बघितल्या जाणाऱ्या थरात गेलं होतं. फोम किती मऊ, टाचेला किती जाड, चवड्याकडे किती उतरता, हे तो ठरवायचा.

नवे नमुने एकाच मापात बनत: नऊ नंबर. चुकायचंच असेल तर एकाच मापात चुकावं, असा साधा हिशेब. तो तरुणपणी नोकरीला लागला तेव्हा तेव्हाच्या साहेबांनी त्याच्या प्रमाणपत्रांवरून नजर फिरवली आणि मग टेबलाखाली वाकून विचारलं होतं, नंबर काय तुमचा? त्या दिवसापासून त्याचं नावच नऊ नंबर पडलं. साहेब बदलले, डिझायनर आले नि गेले, पाय तोच राहिला. नमुना आला की सगळे काम टाकून पॅसेजमध्ये गोळा होत. तो नाड्या बांधे, चालत जाई, परत येई, आणि कोणीतरी विचारी, “कसं वाटतंय?”

बायको गेल्यापासून हा प्रश्न त्याला दुसरीकडे कुठेच कोणी विचारत नव्हतं. घरी गेलं की दिवा लावायचा, सकाळचं उरलेलं गरम करायचं, टीव्हीतल्या माणसांना बोलू द्यायचं. मुलं झाली नव्हती. शेजारी चांगले होते, म्हणजे जिन्यात भेटले तर बाजूला सरकून वाट देत.

गेल्या वर्षापासून नमुने त्याला आवळायला लागले होते. आधी त्याला वाटलं, कारखान्याने साचा बदलला असेल. मग वाटलं, उन्हाळ्याने पाय सुजत असतील. उन्हाळा संपला, पाय तसेच. त्याने पातळ मोजे आणले, नाड्या सैल बांधायला लागला. तेही पुरेना तेव्हा तो नमुन्यातला सुखतळा काढून ठेवायला लागला. तळपायाखालची ही मऊ पट्टी काढली की बोटांना तेवढीच जागा होते. नमुना हातात आला की तो खिडकीकडे पाठ करून बसायचा, सुखतळा उपसून खणात टाकायचा आणि मग पॅसेजमध्ये जायचा. यात काही लपवाछपवी आहे असं त्याने स्वतःला कधी म्हणू दिलं नाही. तात्पुरती सोय, बस.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. मोठी बहीण दुसऱ्या गावी असायची आणि आठवड्यातून एकदा भावाची हजेरी घ्यायची. जेवलास का, औषध घेतलंस का, भिंतीची ओल गेली का. बोलता बोलता तो म्हणून गेला की अंगठ्याचं नख काळं पडलंय.

“बूट लहान होतायत तुला.”

“माझा नंबर नऊच आहे, ताई.”

“बाबांचाही आठ होता. पुढे पाय असे पसरले की आईने त्यांच्या चपला वाटून टाकल्या. विसरलास? आपल्या घराण्याचे पाय आहेत ते, म्हातारपणी हातपाय पसरतातच.” ती स्वतःच्याच विनोदावर हसली. “मोठे घे की. बूटवाल्याच्याच पायाला बूट होईना, लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील तेच तर. त्याने ओलीचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. त्या वयाने त्याच्या धाकट्या बहिणीसारख्या, बोलायला नेमक्या. तिसऱ्या नमुन्याचे काही जोड धावणाऱ्यांच्या मापात करून गेल्या आठवड्यातच त्यांना दिले होते आणि सगळ्यांची एकच तक्रार आली होती: फार मऊ. एकजण म्हणाला, चिखलात धावल्यासारखं वाटतं. एका मुलीचा उतारावर घोटा मुरगळला होता. वापरलेले बूट पिशवीतून टेबलावर आले होते.

“आणि सर, तुम्ही म्हणताय आणखी मऊ करा.”

त्याने टेबलावरचा एक बूट उचलून उलटा केला.

मॅडम म्हणाल्या की उद्या साचा कारखान्यात जातो, तो एकदा कापला की कापला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझं विचाराल तर मी तुमच्या पायाबरोबर आहे. धावणाऱ्यांचं काय, आज एक सांगतात, उद्या दुसरं. तुम्ही आजवर चुकला नाहीत. तुम्ही हो म्हणालात की मी सही करते.”

हा विश्वास त्याला त्या आवळणाऱ्या बुटापेक्षा जास्त बोचला. त्याने थोडा वेळ मागून घेतला आणि पिशवी आपल्या टेबलाशी आणली.

वापरलेला बूट बघायची त्याची एक पद्धत होती. आत हात घालून तो बोटांनी तळ चाचपायचा. माणूस कुठे दाबतो ते तिथे कळतं. मुरगळलेल्या मुलीच्या बुटात त्याने हात घातला. बोटांना सुखतळा लागला. घामाने कडक झालेला, टाचेशी खोलगट दबलेला.

तो तसाच हात आत ठेवून बसला.

सगळं काही सरळ होतं. सुखतळा काढल्यावर त्याची टाच खालच्या शिवलेल्या पट्टीवर जाऊन आदळत होती. ते टणक लागणारच. तो दोष फोमला देत गेला, फोम मऊ करवत गेला, आणि मग कारखान्यातून तोच बूट सुखतळ्यासकट धावणाऱ्यांच्या पायात गेला. मऊवर मऊ. त्या मुलीचा घोटा यंत्राने मुरगळला नव्हता, धावायच्या तंत्राने नव्हता. त्याच्या खणातल्या त्या पट्ट्यांनी मुरगळला होता.

गप्प बसणं सोपं होतं. पहिला नमुनाच बरा होता, मी नीट विचार केला, असं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. साचा बरोबर गेला असता आणि पायही शाबूत राहिला असता, पुढच्या नमुन्यापर्यंत. त्याने ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. ऐकायला चांगलं होतं.

मग तो मॅडमच्या खोलीत गेला. चाचणीवाल्या बाईही तिथेच होत्या.

“पहिल्या नमुन्याचा फोम बरोबर होता,” तो म्हणाला. “बाईंचं यंत्र बरोबर होतं. मी सुखतळा काढून चालत होतो.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“पाय मावत नव्हता. माझा पाय आता नऊ नंबर नाही.”

बाईंनी खाली त्याच्या पायांकडे पाहिलं आणि पटकन नजर वर घेतली, जसं आजारी माणसाच्या पांघरुणाकडे बघून घेतात.

“सांगायचं नाही का हो,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी साच्याचं काम पुढे ढकललं. त्या मुलीला त्याने स्वतः फोन करावा असं ठरलं, आणि त्याने केला. ती म्हणाली, काका, आता बरा आहे, काळजी करू नका. त्याच्या नोकरीला काही झालं नाही. डिझाइन तोच करणार होता. फक्त पाय दुसरा शोधायचा होता. हिशेब विभागातला एक गुबगुबीत गृहस्थ नऊ नंबरचा निघाला. तो लाजत खाली आला, आपले मोजे फाटके आहेत म्हणून दोनदा माफी मागितली. सगळे पॅसेजमध्ये जमले. नऊ नंबरने, आता त्याला काय म्हणायचं कोण जाणे, गुडघे टेकून त्या गृहस्थाच्या नाड्या बांधल्या. कुठे घट्ट हव्यात, कुठे सैल, ते सांगितलं. गृहस्थ चालून आला आणि म्हणाला, छान आहे. छान म्हणजे कुठे छान, टाचेला की चवड्याला, असं विचारल्यावर तो गोंधळला. म्हणाला, सगळीकडेच. बाई हसल्या, इतरही हसले. तोही हसला आणि गृहस्थाला म्हणाला की येईल सवयीने, एकदम नाही कळत.

शनिवारी दुपारी तो बाजारात बुटांच्या दुकानात गेला. इतक्या वर्षांत बूट विकत घ्यायची वेळच आली नव्हती. त्याच्या पायात कायम नमुनेच असायचे. विक्रेत्याने त्याला बाकावर बसवलं, समोर माप घ्यायचं फळकुट ठेवलं आणि बसल्या बसल्याच त्याची टाच त्यावर टेकवून पट्टी सरकवली.

“नऊ,” विक्रेता म्हणाला. “नऊच बसेल तुम्हाला, काका. काढू?”

बसलेल्या माणसाचा पाय आखडलेला असतो. अंगाचा भार पडला की तो लांबतो, रुंदावतो, खरं माप तेव्हा येतं. विक्रेता उठून आत निघाला होता. त्याने विक्रेत्याला थांबवलं.

मग बाकाचा आधार घेऊन तो फळकुटावर उभा राहिला, हात सोडला, आणि सगळं वजन त्या पायावर टाकून सरळ समोर बघत राहिला. विक्रेत्याने खाली वाकून पट्टी पुन्हा सरकवली, अंगठ्यापर्यंत.