सत्तरच्या वेगाला येणारी थरथर

मित्रांनो, तुम्ही ऑटोमॅटिक गाडीत बसता तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या अंधारात मी फिरत असतो. पण मला पाहिलेला माणूस तुम्हाला शंभरात एक सापडणार नाही. माझे नाव टॉर्क कन्व्हर्टर. दिसायला मी चपट्या भोपळ्यासारखा, अंगाने पोलादी. आता म्हातारा झालो आहे आणि स्वभावाने संशयी.

कारखान्यात माझे दोन अर्धे भाग समोरासमोर ठेवून कडेने वेल्डिंग केले, तेव्हाच माझे तोंड कायमचे बंद झाले. आत दोन पंखे आहेत, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि दुसऱ्यावर तेल फेकतो. त्या तेलाच्या जोराने दुसरा फिरतो आणि गाडी चालते. दोघे एकमेकांना कधी शिवत नाहीत. मात्र तेलाच्या भरवशावर थोडी ताकद वाया जाते. म्हणून माझ्या पोटात एक गोल चकतीही आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी एका वेगाने धावू लागली की कॉम्प्युटर हुकूम सोडतो, चकती माझ्या कवचाला घट्ट धरते आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव होतात. याला लॉक होणे म्हणतात. ब्रेकला पाय लागला की चकतीने लगेच सुटायचे, नाहीतर गाडी थांबताना इंजिन गचके खाऊन बंद पडेल. धरायचे आणि सोडायचे, एवढेच माझे काम.

मला एका रुग्णालयाच्या गाडीत बसवले. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशा आठ माणसांना आठवड्यातून तीनदा घरून आणायचे आणि डायलिसिस झाले की परत पोचवायचे, असा तिचा नेम. पहिली नऊ वर्षे कुणी माझे नाव घेतले नाही. यंत्रांच्या जगात याहून मोठी शाबासकी नाही. तेल बदलायचीही आठवण मात्र कुणाला झाली नाही.

मग जुना चालक निवृत्त झाला आणि मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणत. सव्वीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस, वय एकोणसाठ. हात हलका, वळणे सफाईदार. तरी मला पहिल्या दिवसापासून त्यांचा संशय आला. मी लॉक झालो न झालो तोच सुटायचा हुकूम येई. पुन्हा धर, पुन्हा सोड. मी तापू लागलो. तेल करपू लागले.

चार महिन्यांनी थरथर सुरू झाली. सत्तरच्या वेगाला, सपाट रस्त्यावर, गाडी जणू दगडी पट्ट्यांवरून चालली आहे अशी. चालकाच्या मागच्या आसनावर एक निवृत्त शिक्षिका बसत. त्यांना सगळे बाई म्हणत.

"मामा, रस्ता खराब आहे की गाडी?" त्यांनी विचारले.

"रस्ताच असणार, बाई."

"परवा हाच रस्ता गुळगुळीत होता. मी पस्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात हं."

गोष्ट रुग्णालयाच्या गाड्या सांभाळणाऱ्या साहेबांपर्यंत गेली. त्यांनी मामांना गाडीपाशीच गाठले. "हे बघा, यंत्र बिघडलं असेल तर यंत्र बदलू. पण चालकाचा दोष निघाला तर चालक बदलू."

एकोणसाठाव्या वर्षी मामांना दुसरीकडे कोण उभे करणार? मला मात्र कळून चुकले. दोघांपैकी एक जाणार, मी भंगारात किंवा ते घरी. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे वैरी झालो. ते वाटेत म्हणत, "तूच रे तो, आत दडून बसलेला." मीही मनात तेच म्हणत होतो. मला तेलाची वाट उघडणाऱ्या झडपेचा संशय होता, कॉम्प्युटरचा होता, त्या तेलाचाही होता. पण सर्वांत जास्त मामांचा.

गाडी ताईंकडे गेली. वडिलांच्या मागे गिअरबॉक्सचे गॅरेज चालवणाऱ्या या ताई माझ्याहून संशयी निघाल्या.

"सगळे म्हणतायत, कन्व्हर्टर गेला," साहेब म्हणाले.

"उघडून बघितला कुणी?"

"तो उघडतो का?"

"मग कळलं कसं?"

ताईंनी मामांना शेजारी बसवले आणि गाडी स्वतः मोकळ्या रस्त्यावर काढली. सत्तरला थरथर आली. त्यांनी वेग तसाच ठेवून ब्रेकला नखभर पाय लावला. मी सुटलो. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा जरासा वर गेला आणि थरथर थांबली. पाय काढला, मी धरले, थरथर परत. तीनदा तसेच.

"इंजिन नाही," ताई म्हणाल्या. "इंजिन अडखळत असतं तर ब्रेकला विचारून थांबलं नसतं. गडबड लॉकमध्येच आहे."

"म्हणजे माझी चूक नाही!" मामांनी मोठा श्वास सोडला.

"घाई नको, मामा. लॉक स्वतःहून बिघडलं की कुणी बिघडवलं, ते कुठे कळलंय?"

त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. लाल असायला हवे ते तपकिरी, वर करपट वास. पण धातूचा चुरा नव्हता. त्यांनी झडप तपासली, ती निर्दोष निघाली. तेल बदलले आणि गाडी पुन्हा चालवून पाहिली. त्यांच्या हाताखाली मी लोण्यासारखा लॉक झालो आणि तसाच राहिलो.

तीन आठवड्यांनी मामा गाडी घेऊन परत हजर. थरथर तीच, शिवाय बारीक गचके.

"माझ्या हातात शहाण्यासारखी वागते," ताई म्हणाल्या, "आणि तुमच्याच हातात का पिसाळते?"

"मग मी काय तिला शिव्या देतो?"

ताईंनी तपासणीचे यंत्र जोडले आणि या वेळी मामांना चालवायला सांगून त्या शेजारी बसल्या. एका किलोमीटरात मी अकरा वेळा सुटलो. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच नोंद: ब्रेक दाबला.

"ब्रेक कशाला मारताय?"

"अहो, कुठे मारतोय? उजवा पाय तर इकडे, ॲक्सिलरेटरवर आहे. देवाशपथ!"

ताईंनी गॅरेजमध्ये नेऊन, ब्रेक दाबल्याची खबर कॉम्प्युटरला देणारा स्विच बदलला. पुन्हा रस्ता, पुन्हा तेच. मग त्या आसनावरून वाकल्या आणि मामांच्या पायांकडे बघत राहिल्या.

"मामा, तुमचा डावा पाय."

"तो तर रिकामाच आहे."

"रिकामा आहे म्हणूनच!"

सव्वीस वर्षे क्लचवर राहिलेला पाय. या गाडीत क्लच नाही, म्हणून तो बिचारा शेजारच्या रुंद ब्रेकच्या कडेला जाऊन टेकला होता. चाक अडवण्याइतका जोर नाही. पण मला सोडायचा हुकूम जाईल एवढा पुरेसा. मामांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ आपल्या बुटाकडे पाहिले.

मी निर्दोष सुटलो होतो, मित्रांनो! पण आनंद जेमतेम मिनिटभर टिकला.

"साहेबांना काय सांगू?" ताईंनी विचारले. "स्विच बदललाच आहे. स्विच खराब होता म्हटलं तर कुणी विचारणार नाही. मात्र पाय आजपासून आवरायचा."

मामा ही पळवाट पकडणार याची मला खात्री होती. पुढेमागे पुन्हा थरथर आली की खापर माझ्याच डोक्यावर.

दोघे गाडी घेऊन रुग्णालयात आले तेव्हा फाटकात साहेब उभे होते. बाई दंडाला पट्टी बांधून घरी जायला निघाल्या होत्या.

"काय निघालं?" साहेबांनी विचारले.

ताईंनी तोंड उघडण्याआधीच मामा बोलले, "यंत्र चांगलं आहे, साहेब. माझा पाय ब्रेकवर राहत होता. मला कळत नव्हतं."

साहेबांनी ताईंकडे पाहिले, तशी त्यांनी होकाराची मान हलवली.

"मग मी आता काय करू?" साहेब म्हणाले.

"करा काय ते," बाई मधेच बोलल्या. "पण ज्याला आपली चूक कळलीय त्याला काढणार, आणि ज्याला कळलेली नाही असा नवा आणणार. बरोबर ना?"

साहेबांना हसू आवरेना. "एक महिना. दर आठवड्याला ताई पडद्यावर बघतील."

त्या दिवसापासून मामा डाव्या पायातला बूट काढून चालवू लागले. पाय मागे दुमडलेला, आसनाला टेकलेला. महिना संपला तेव्हा ताईंच्या पडद्यावर सरळ रस्त्यावर मी एकदा धरले होते आणि एकदाच सोडले होते. मामांची नोकरी राहिली आणि मीही जागेवर राहिलो. माझी चकती थोडी झिजली आहे, ती काही भरून येणार नाही. आणि स्वभाव तर मुळीच बदलला नाही. रोज पहिल्या लॉकला मी अजूनही मामांच्या पायाची चाहूल घेतो.

मित्रांनो, तोंड बंद असलेल्यांवर आळ घेणे फार सोपे असते, कारण ते उलटून बोलत नाहीत. आमचे तेल वेळेवर बदला, थरथर आली तर लपवू नका. संशय घ्या, जरूर घ्या. पण आमच्याकडे बोट दाखवण्याआधी खाली वाकून, आपला रिकामा पाय कशावर टेकला आहे, एवढे पाहा.