अख्खा पगार

"संशय आपल्याच चुलीवर शिजव रे बाळा, शेजारच्या चुलीवर नेऊ नकोस. धुराने डोळे शेवटी आपलेच चुरचुरतात."

झेरिहूनची आई इथिओपियात गोंदरला असताना हे नेहमी सांगायची. आई देवाघरी गेली, आणि इथे अमेरिकेत, सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, दर शनिवारी आपल्या मित्राकडे, ताफेस्सेकडे कॉफीला बसता बसता झेरिहूनने नेमके तेच केले.

ताफेस्सेची बायको सेनाइत आणि झेरिहूनची मुलुनेश वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एकाच मजल्यावर काम करीत. एकदा बोलता बोलता ताफेस्से म्हणाला, "आमच्याकडे एक बरं आहे बाबा. सेनाइतच्या पगारावर सरकारचा कर नाही. अख्खा पगार घरात."

झेरिहूनच्या मनात पाल चुकचुकली. मुलुनेशचाही पगार अख्खाच यायचा, त्यातून काही कापलेले नसायचे. पण एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी आला की त्यातली मोठी रक्कम ती स्वतः बाहेर पाठवायची. विचारले की म्हणायची, "कर भरला." वसंतात कराचे कागद यायचे, ती बोट ठेवायची तिथे तो सही करायचा. आपल्या टॅक्सीच्या कमाईचे असतील, अशी त्याची समजूत. वाचतो कोण?

"सही करतोस आणि वाचत नाहीस?" हे सगळे ऐकून ताफेस्से हसला. "अरे, तुझ्या मेहुण्याचं आदिस अबाबातलं घर किती मजले झालं?"

"तिसरा चढतोय."

"मग झालं तर! इथे हप्ता गेला की तिथे मजला."

गंमतच होती ती, पण झेरिहूनच्या घशात काट्यासारखी रुतून बसली. मग तो मुलुनेशच्या फोनची घंटा ऐकू लागला. भावाशी ती हळू आवाजात बोलली की वाटे, का हळू? मोठ्याने बोलली की वाटे, मला ऐकवायला.

शुक्रवारी मुलुनेशचा उपास होता. दुपारपर्यंत पाणीही न घेतलेली ती मसूर परतत होती. झेरिहून दाराशी टेकून म्हणाला, "तुझ्या भावाचं, बिर्हानूचं घर जोरात आहे म्हणे."

"असेल. कॉफीचा धंदा बरा चाललाय त्याचा."

"सेनाइत कर भरत नाही."

मुलुनेशचा हात थांबला. "तिची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? एक मजला, एक काम."

"तुला सगळं सांगितलं होतं रे तेव्हा. आता परत सांगायचं म्हणजे केलेलं मोजून दाखवल्यासारखं होतं." तिने आच बारीक केली. "उपासाच्या दिवशी नको."

बोलायचे नसले की उपास बरा आठवतो, असे झेरिहूनला वाटले. त्याने ठरवून टाकले. उद्या ताफेस्सेपुढे बोलायचे, मग चर्चमधल्या चार वडीलधाऱ्यांना बसवायचे आणि तिला सर्वांसमक्ष विचारायचे. सतरा वर्षांचा संसार, पण फसवणूक ती फसवणूकच.

शनिवारी सेनाइत घरी होती. एरवी ती या वेळी भजनाच्या सरावाला असे. ती बुटक्या स्टुलावर बसून कॉफीचे दाणे भाजत होती. पहिला पेला संपायच्या आत झेरिहूनने सगळे ओकून टाकले, आणि वडीलधाऱ्यांची नावेही सांगितली.

सेनाइतने कॉफीचे भांडे खाली ठेवले. "भाऊ, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वहिनी, तुम्ही कर भरत नाही. मग ती कुठला भरते?"

"मी व्हिसावर आहे! व्हिसावाल्यांना माफ असतो. तुमच्या घरात ग्रीन कार्ड आलं. कायमचं राहायचं कार्ड घ्यायचं आणि नोकरी आमच्या संस्थेतली असली, तर करमाफी सोडते म्हणून सही द्यावी लागते. मुलुने माझ्या शेजारी बसून केलीय ती. संस्था काही कापत नाही, म्हणून बिचारी दर खेपेला आपल्या हाताने भरते."

"पण कार्ड तर मला लागलं, सरकारच्या लॉटरीत. माझ्यामुळेच तिला..."

"तुमच्यामुळेच! तुम्ही एकट्याने घ्यायचं, ती आपली व्हिसावर राहिली असती. पगार अख्खा राहिला असता. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, वेडी आहेस का? तर म्हणाली, यांचा हट्ट आहे, एका घरातली माणसं एकाच दाराने जायची." सेनाइतने नवऱ्याकडे मान वळवली. "आणि तुम्ही हो, मजले मोजत होता? आधी घरात विचारायचं तरी! काखेत कळसा नि गावाला वळसा."



झेरिहूनला ते दिवस आठवले. कार्ड लागल्याच्या आनंदात त्याने पेढे वाटावेत तशी ती बातमी गल्लीभर वाटली होती. मुलुनेश काहीतरी समजावून सांगत होती, आणि तो मान हलवत होता. तेवढ्यात आणखी एक गोष्ट आठवली, आणि त्याचे कान तापले. सही करायला निघालेल्या मुलुनेशचा हात धरून तो म्हणाला होता, "तुझं जे जाईल त्याचा निम्मा भार माझा. शनिवारीसुद्धा टॅक्सी काढीन. देवदूत गब्रिएलची शपथ."

पहिला हिवाळाभर काढलीही. मग कंबर धरली. कंबर सुटली, तोवर शनिवारची कॉफी लागली होती. मुलुनेशने एका शब्दाने आठवण दिली नाही.

त्यांच्या कॉफीचे पेले तीन, आणि तिसरा आशीर्वादाचा. तो न घेता उठू नये. झेरिहूनने तो घेतला, पण गोड लागला नाही.

घरी गेल्यावर तो एवढेच म्हणाला, "मुलु, मी चुलीबाहेर गेलो." सासूचे ते बोल तिला पाठ होते. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि मसूर गरम करून त्याच्यापुढे ठेवली.

पुढच्या शनिवारी उजाडताना मुलुनेश डोक्यावरून पांढरी शाल घेऊन कोपऱ्यातल्या मरियमच्या तसबिरीपुढे उभी होती. तिची प्रार्थना मोडू नये म्हणून झेरिहूनने किल्ल्या मुठीत गच्च धरल्या, बूट हातात घेतले आणि दार अलगद ओढून घेतले. खिशात फोन थरथरत होता, ताफेस्सेचा. तो त्याने वाजू दिला, आणि टॅक्सीच्या काचेवरचे दव बाहीने पुसू लागला.