न विचारलेलं डोकं

टेलर मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांना टोप्या घातल्या, तेही राजरोस, आणि वर शाबासकीही घेतली. शाळेच्या बँडला टोप्या, रखवालदारांना टोप्या, अग्निशामक दलाच्या संचलनाला टोप्या. पण त्यांच्या जिवाची टोपी एकच, रहदारी पोलिसांची. बावीस वर्षांपूर्वी खात्यानं नवे नमुने मागवले, तेव्हा मास्तरांचा नमुना पसंत पडला होता. आत दुहेरी बकरम, म्हणजे टोपी ताठ ठेवणारं खळीचं जाड कापड, कपाळाशी रेक्झिनची पट्टी आणि नायलॉनचं चकचकीत अस्तर. पुढे ती कारखान्यात शिवली जाऊ लागली, तरी कुठल्याही चौकात दिसली की मास्तर सोबतच्या माणसाचं कोपर धरून म्हणायचे, "ही आपली." गल्लीतले लोक मास्तरांना पाठीमागे 'बकरम' म्हणत, आणि ते काही फक्त शिवणकामामुळे नव्हे.

अशा माणसाची सून रहदारी पोलीस झाली. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. तेव्हा घरातला गणवेश सुनेचाच, आणि तिच्या डोक्यावरची टोपी सासऱ्याची. मास्तरांना आणखी काय हवं होतं? पण या उन्हाळ्यात पंधरा दिवसांत ती दोनदा चक्कर येऊन पडली. पहिल्यांदा चौथऱ्यावरच बसकण मारली, दुसऱ्यांदा थेट दुधाच्या गाडीपुढे आडवी झाली. गाडीवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. खात्याच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की प्रकृती ठणठणीत आहे, पण डोक्याला उष्णता बाधते. तिसऱ्यांदा असं झालं तर कायमचं बैठं काम द्यावं. बैठं काम म्हणजे तळघरातली जुन्या फायलींची खोली.

"मी तिथे कुजेन, आई," सून गुडघ्याला मलम लावत सासूला म्हणाली. "चौकात मी हात वर केला की बस थांबते. घरात हात वर केला तर मिक्सरसुद्धा थांबत नाही."

सासूबाईंनी मिक्सर बंद केला. "घे, थांबला."

सून हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. सात वर्षं त्या चौकात उभी राहिली होती ती. कुठली शाळा कधी सुटते, कुठला रिक्षावाला सिग्नल तोडायला टपलेला असतो, सगळं तिला पाठ. ते सोडून तळघरात फायलींना नंबर द्यायचे, या विचारानंच तिचा घास अडत होता.

"टोपी काढता येत नाही का गं मधूनमधून?" सासूबाईंनी विचारलं.

"ड्यूटीवर टोपी काढली की वहीत शेरा."

कोपऱ्यात सुईत दोरा ओवत बसलेल्या मास्तरांनी हात पुढे केला. "आण इकडे." टोपी उलटी करून त्यांनी आत बोट फिरवलं. अस्तरावर घामाचे पांढरे थर चढले होते, पट्टीला भेगा पडल्या होत्या. "माझीच टोपी आहे, मीच तिला थंड करतो. बाहेरून तसूभर फरक दिसणार नाही. साहेब काय, साहेबाचा बाप ओळखणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाहेरची सगळी कामं बंद. पुढच्या खोलीत मशीनपाशी टोप्यांचा खच पडला. पहिल्यांदा मास्तरांनी नायलॉन काढून सुती अस्तर लावलं. ते दहा वाजेपर्यंत घामानं भिजलं आणि टोपी जड झाली. मग बिल्ल्यामागे लपतील अशा बारीक रिंगा ठोकल्या. हवा येईना, उलट रिंगा तापून चटके बसू लागले. मग ओल्या स्पंजची गादी घातली. ती कल्पना इतकी फर्मास होती, की मास्तरांनी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवली. दुपारी सून घरी आली ती कपाळापासून हनुवटीपर्यंत निळे ओघळ घेऊन, कारण पाण्यासोबत कापडाचा रंगही उतरला होता.

"एका स्कूटरवाल्यानं मला विचारलं, ताई, आज काय आहे?" ती म्हणाली.

मास्तर हार मानणाऱ्यातले नव्हते. चूक झाली की ते जास्तच ताठ व्हायचे. प्रत्येक टोपी ते आधी स्वतः घालून, भर बारा वाजता गच्चीवर स्टूल टाकून तासभर बसायचे. खाली येऊन छातीठोकपणे सांगायचे, "गारेगार!" आणि ती गारेगार टोपी घालून सून दुपारी लालबुंद होऊन परतायची. नवव्या टोपीला मास्तरांचं डोकं फिरलं.

"मला लागत नाही ती हिला कशी लागते? ही उभी कशी राहते कोण जाणे. मान ताठ ठेवत नसेल."

सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल तसाच धरला आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या डोक्यावर केस आहेत का?"

मास्तरांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. तिशीतच तिथे सगळं सपाट झालं होतं.

"आरशासारख्या डोक्यावर टोपी घालता आणि सांगता गारेगार. तुमच्यावर पातेलं पालथं घातलं तरी गारच वाटेल. तिच्या डोक्यावर कमरेएवढे केस आहेत, हो! कधी बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. सून घरी यायची ती टोपी काढून, आणि मास्तर बघायचे ते टोपीकडे. त्यांनी सुनेला हाक मारली, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "टोपी घाल. जशी चौकात घालतेस तशी घाल."

तिनं अंबाडा बांधला आणि दाबून चपटा करायला आकडे खोचू लागली. एक, दोन, पाच, नऊ. मास्तर मोजत राहिले. एकवीस आकडे झाल्यावर तिनं टोपी चढवली.

"एवढे कशाला?"

"अंबाडा जरा जरी वर राहिला की टोपी पुढे सरकते आणि कपाळ आवळतं. मग दुपारपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. आकडे लावले की टोपी बसते, पण ते तापतात." ती अगदी सहज सांगत होती, दूध नासल्याचं सांगावं तसं. "सगळ्याजणी असंच करतो."

"सात वर्षं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेनं टोपी काढून मांडीवर घेतली. "तुमची टोपी आहे ना, बाबा."

बावीस वर्षांपूर्वी नमुना कापला तेव्हा खात्यात रहदारीवर एकही बाई नव्हती. सगळी डोकी बारीक कापलेल्या केसांची. पुढे बायका आल्या, टोपी तीच राहिली, आणि मास्तर लोकांची कोपरं धरून "ही आपली" म्हणत फिरत राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून गप्प बसणारा माणूस हा नव्हता. लाज त्यांच्या हातात उतरली.

त्यांनी काळी लोकर आणली आणि दोन दिवस खपून एक टोप केला, मागे भरगच्च अंबाडा असलेला. टोपावर एकवीस आकडे, त्यावर खात्याची जुनी टोपी. सासूबाईंनी दारात तो अवतार पाहिला आणि पदर तोंडाला लावून त्या खालीच बसल्या. "अहो, निदान लिपस्टिक तरी लावा!"

"हसून घे," मास्तर म्हणाले आणि अकराच्या सुमारास सुनेच्या चौकात गेले.

ती चौथऱ्यावर, ते पलीकडच्या फुटपाथवर, उन्हात. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. एका टेम्पोवाल्यानं शिट्टी घातली. मास्तर हलले नाहीत. वीस मिनिटांनी कपाळाला फास बसला. अर्ध्या तासानं आकडे एकेक करून जाणवू लागले. चाळीस मिनिटांनी समोरचा सिग्नल लाल आहे की हिरवा ते कळेना, आणि ते जवळच्या खांबाला धरून खाली बसले. पलीकडे सून अजून उभी होती. हात वर करून तिनं एक अख्खी बस थांबवली, मागच्या पोरांना रस्ता ओलांडू दिला, पुन्हा हात खाली घेतला. तिची ड्यूटी सुरू होऊन चार तास झाले होते. मास्तरांना भडभडून आलं. चौकात बसून, लोकरीचा अंबाडा लावून, एकाहत्तर वर्षांचा माणूस रडला, आणि लोकांना वाटलं ऊन लागलं.

त्यानंतर मात्र त्यांनी गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. सुनेला खुर्चीत बसवून मोकळ्या केसांचं माप घेतलं, अंबाड्याचं घेतलं, अंबाडा जिथे येतो तिथे खडूनं खूण केली. बकरम काढून टाकलं, फक्त पुढे बिल्ल्यापुरतं ठेवलं. रेक्झिनच्या जागी टॉवेलच्या कापडाची पट्टी, टिचबटणांची, म्हणजे दुपारी भिजलेली काढून कोरडी लावता येईल. पट्टी आणि टोपी यांच्यामध्ये बुचाचे सहा छोटे तुकडे कापडात शिवून बसवले, की टोपी डोक्याला चिकटणार नाही, भोवती बोटभर जागा राहील आणि खालची हवा वर चढेल. वर गोटाच्या, म्हणजे कडेच्या किनारपट्टीच्या, आड चार फटी ठेवल्या, ती हवा बाहेर पडायला. आणि मागे, अंबाड्यासाठी, कडेला एक अर्धगोल कापला. कात्री लावताना त्यांचा हात थोडा थांबला. हा अर्धगोल बाहेरून दिसणार होता.

"दिसू दे," ते स्वतःशीच म्हणाले आणि कापड कापलं.

ही दहावी टोपी. पहिल्या दिवशी सून घरी आली, चप्पल काढली आणि भूक लागली म्हणाली. बस, एवढंच. सासूबाईंनी ताटं घेतली. उन्हाळ्यात दुपारी ती जेवतेय, हेच कितीतरी दिवसांनी घडत होतं. अकरा दिवस ती चौकात खुशाल उभी राहिली. बाराव्या दिवशी तपासणीला मोठे साहेब आले, मागून फेरी मारताना त्यांना तो अर्धगोल दिसला, आणि टोपी जप्त झाली. उद्यापासून नियमाची टोपी, नाहीतर तळघर, असं ते सांगून गेले.

"उद्या मी येतो," मास्तर म्हणाले.

"बाबा, साहेब नियमाचे पक्के आहेत."

"मग बरंच झालं. मीही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मास्तर इस्त्रीच्या शर्टात साहेबांसमोर बसले. सून दाराशी गणवेशात उभी. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, आणि मास्तरांनी समजावलेलं सगळं, फटी, बूच, पट्टी, नीट पाहिलं. मग त्यांनी कपाट उघडवून एक खोकं काढलं. आत मास्तरांची पहिली टोपी होती, लाखेनं मोहोरबंद केलेला मूळ नमुना. बावीस वर्षांत तिच्यावर सुरकुती पडली नव्हती.

"मास्तर, नियम या टोपीचा आहे," साहेब म्हणाले. "ती बदलायची तर दोन रस्ते. एक, तुम्ही सुधारणा सुचवलीत असं लिहा. ते समितीकडे जाईल. समिती वर्षातून एकदा बसते, आणि बसली तरी उठते कधी ते सांगता येत नाही."

"आणि दुसरा?"

"नमुना करणाऱ्यानं मूळ नमुन्यात दोष होता असं लिहून दिलं, तर मला आजच्या आज हुकूम काढता येतो. पण तुम्ही ते लिहू नका." साहेबांनी आवाज खाली घेतला. "त्याचं परिपत्रक निघतं. तुमच्या नावासकट प्रत्येक चौकीच्या फलकावर लागतं. बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं. सुधारणा लिहा, मी समितीच्या मागे लागतो."

"तोवर ही कुठे उभी राहणार?"

साहेब खोक्याचं झाकण लावू लागले.

"बाबा, सुधारणाच लिहा," सून दारातून म्हणाली. "मी काढीन वर्ष. तळघरात पंखा आहे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग कागद पुढे ओढला आणि साहेबांचं पेन मागून घेतलं. वर 'दोषाचे स्वरूप' असं छापलं होतं. टोपी शिवताना टाके घ्यायचे तसं एकेक अक्षर नीट धरून त्यांनी लिहिलं: "टोपी कापताना कोणाच्याही डोक्याला विचारलं नाही. बाईचं डोकं तर धरलंच नाही." खाली छापलं होतं, 'दोष कोणाचा: कापडाचा / कारखान्याचा / वापरणाऱ्याचा'. त्यांनी तिन्ही शब्दांवर सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "माझा." मग सही केली.

सून दारात तशीच उभी होती. ड्यूटीवरच्या माणसानं रडायचं नसतं, म्हणून ती छताकडे बघत होती.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. शिक्का मारला आणि जप्त केलेली टोपी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "जा, चौक रिकामा आहे." ती टोपी चढवून गेली. साहेब मास्तरांकडे वळले. "बाकीच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी कारखान्याला कळवतो. छोटी, मधली, मोठी, तीन साइझ पुरतील ना?"

"एकूण किती जणी आहेत?"

"त्रेसष्ट."

"साइझ मागाहून ठरवू, साहेब," मास्तर उठत म्हणाले. "आधी त्रेसष्ट डोकी माझ्याकडे पाठवा. आणि त्यांना सांगा, टोपी कुणाची आहे याचा विचार न करता बोला."