पुलाच्या कडेचा छत्रीवाला

मी एक जुनी तसबीर आहे, मित्रांनो. माझं मूळ चित्र दूर जपानात, लाकडाच्या कोरीव ठशांनी कागदावर उमटलं होतं. मी त्याची कॅनव्हासवरची नक्कल. माझ्यात धुकं आहे, निळी नदी आहे आणि एक लांब लाकडी पूल.

पुलाच्या टोकाला छत्री घेतलेला एक माणूस होता. चौकटवाल्याने मला लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलं, तेव्हा तो माणूस दुमडून माझ्या डाव्या कडेवर गेला. समोरून पूल रिकामाच दिसू लागला.

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या एका चष्मेवाल्यांनी मला घरी नेलं आणि निजायच्या खोलीत लावलं. त्यांची बायको शिवण शिकवायची. सकाळी ती माझ्यावरून फडकं फिरवी आणि तिची नजर घटकाभर पुलावर रेंगाळे.

मग ती स्टुलावरून पडली. पाठीला मार बसला. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं. तिचा पलंग माझ्या डावीकडे, त्याच भिंतीला लावला गेला. औषधाच्या गुंगीत दुपारी ती माझ्याकडे बघत पडे. खोलीत जणू धुकं भरून यायचं.

"तो छत्रीवाला आज दमलेला दिसतोय," एकदा ती म्हणाली.

चष्मेवाले माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पुलावर कुणीच नव्हतं. ते बाहेर जाऊन मेहुणीला फोनवर म्हणाले, "तिला नसलेली माणसं दिसायला लागलीत गं. मला भीती वाटते."

दार उघडंच होतं. तिने ते ऐकलं.

त्यानंतर ती गप्प झाली. ते औषध देत, चादर बदलत, पाणी ठेवत, सगळं उभ्याउभ्याच. शेजारी बसायचंही टाळू लागले. मला आतून ओरडावंसं वाटे, पण तसबिरीला कुठला आवाज?

एका दुपारी ती हळूच म्हणाली, "जरा आडवे व्हा ना इथे. किती दिवस झाले."

ते अवघडून कडेला टेकले. मग तिच्या उशीवर डोकं ठेवलं. मान वळवली, तर समोर माझी डावी कड होती.

"छत्री तिरकी धरलीय त्याने," ते म्हणाले.

"लोकांचे नंबर काढता, एकदा स्वतःचाही काढा," ती म्हणाली आणि पाठ दुखत असतानाही हसली.

तेव्हापासून ते रोज दुपारी दुकान बंद करून तिच्याशेजारी पडू लागले. त्या माणसाला कुठे जायचं असेल, यावर दोघांच्या गप्पा रंगत. पुढे ती काठी घेऊन चालू लागली. मी मात्र उन्हाने विटले. माझी नदी आता राखाडी झाली आहे.

मित्रांनो, तसबिरींना उन्हापासून जपा, ओल्या फडक्याने पुसू नका. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर नुसतं उभ्याने विचारपूस करून जाऊ नका. त्याच्या उशीवर थोडी जागा मागून घ्या.