नावाडी परत येतो तो भाग

सिनेमावरून माणसं भांडतात हे मुंगीच्या आईला ठाऊक होतं, पण सिनेमाच्या लांबीवरूनही भांडतात हे तिला मुंगीमुळे कळलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी एक मंडळ जमायचं. दातांचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष, औषधाच्या दुकानातला एक हडकुळा माणूस, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, कॉलेजातली काही पोरं, आणि मुंगी. भांडायला विषय काय, तर जाडजूड कादंबऱ्यांवरून काढलेला एक जुना सिनेमा. राक्षस, धुकं, बोलणारे पक्षी, सगळा मालमसाला भरलेला. त्याच्या दोन प्रती होत्या. एक थिएटरात लागलेली. दुसरी नंतर दिग्दर्शकानं कापलेलं सगळं परत घालून काढलेली, चांगली लांबलचक. यातली खरी कुठली, यावरून ही शिकलीसवरलेली माणसं अगदी हमरीतुमरीवर यायची. बरं, कुणाच्या बापाचं काही जात होतं का? नाही. तरीसुद्धा.

एका बाजूला लांबेवाले, दुसऱ्या बाजूला छोटेवाले. औषधवाला लांबेवाल्यांचा म्होरक्या. पुस्तकातलं एक पान गाळलेलं त्याला खपत नसे. छोटेवाल्यांचं म्हणणं, पुस्तकात आहे म्हणून काय राक्षसाचं प्रत्येक जेवण दाखवायचं? मुंगी छोटेवाल्यांची पुढारी होती. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी, आता आईपेक्षा हातभर उंच होती, आणि बोलायला लागली की समोरच्याला पाणी मागू देत नसे.

आई एका व्हिडिओ स्टुडिओत एडिटर होती. लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं असलं सगळं तिच्याकडे यायचं. तोंडात घास कोंबलेला काका, कोपऱ्यात फुरंगटून बसलेली मावशी, नवरदेवानं तिसऱ्यांदा बघितलेलं घड्याळ, हे सगळं ती काढून टाकायची आणि मंडळी कशी आनंदात होती ते ठेवायची. लोक पैसे देताना म्हणायचे, "बाई, अगदी जसं झालं तसं आलंय हो." ती मान डोलवायची.

त्या आठवड्यात मंडळात वेगळीच धामधूम होती. गावातल्या जुन्या थिएटरच्या मालकानं एका सकाळसाठी पडदा द्यायचं कबूल केलं होतं. तिथे कुठली प्रत दाखवायची ते रविवारी मतदानानं ठरणार होतं, आणि दोन्ही बाजूंना आपापला एक तुकडा दाखवायची मुभा होती.

"आई, आपल्या सीडीतली शेवटची पाच मिनिटं पेनड्राइव्हवर घालून दे," गुरुवारी रात्री जेवता जेवता मुंगी म्हणाली. "त्या औषधवाल्याचं तोंडच बंद करते. ऐक माझं भाषण." आणि तिनं चमचा हातात धरून भाषण सुरूच केलं. "नावाडी आपल्या लहान मुलीला तळ्याकाठच्या घरात ठेवून जातो, राक्षसानं पळवलेला सूर्य आणायला. मूळ सिनेमात तो परत येत नाही. मुलगी वाट बघते, उठते, स्वतः दिवा लावते, संपलं. सूर्य तेवढा परत येतो, पण बाप येत नाही. केवढी हिंमत आहे या शेवटात! आणि लांब प्रतीत यांनी काय केलं? बाप आणून चिकटवला. का? तर लोकांना बरं वाटावं म्हणून."

आईनं हातातला घास ताटात परत ठेवला. ती पाणी प्यायली, आणि "बघते," एवढंच म्हणाली.

कारण मूळ सिनेमात नावाडी परत येत होता. दोन्ही प्रतींत येत होता. छोट्या प्रतीत तो दार वाजवतो, पोर दार उघडते, तो तिला उचलतो, आणि सिनेमा संपतो. लांब प्रतीत त्यापुढे जेवण, गप्पा, पक्ष्यांचं गाणं असं पुष्कळ गुऱ्हाळ होतं. तो परत येत नाही अशी प्रत साऱ्या जगात एकच होती, ती मुंगीच्या कपाटात होती, आणि ती तिच्या आईनं केलेली होती.

मंडळात वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नाही, यात नवल काही नाही. तिथे लांब प्रत बघून मुंगी चवताळली होती, "शेवट चिकटवलाय" म्हणून. छोटेवाल्यांनी माना डोलावल्या, कारण जेवण आणि गाणं त्यांनाही चिकटवलेलंच वाटत होतं. सगळे एकाच शब्दावर भांडत होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळाच शेवट होता. मंडळांचं असंच असतं. घरी स्वतःची सीडी असताना मुंगीला दुसरी छोटी प्रत बघायचं कारणच नव्हतं.

आता आईनं ते का केलं, ते ऐका. मुंगी बालवाडीत असताना तिचे बाबा एक दिवस कामाला म्हणून बाहेर पडले ते पडलेच. मागाहून कळलं, दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडलाय. आईनं लेकीला सांगितलं, बाबा लांब गेलेत. त्याच सुमारास हा सिनेमा घरात आला, आणि मुंगी तो रोज बघायला लागली. रोज म्हणजे रोज. नावाड्यानं दार वाजवलं की ही उठायची, स्टूल ओढत आपल्या दारापाशी न्यायची, कडी काढायची आणि उभी राहायची. जिना चढणारा प्रत्येक माणूस तिला बघून ओशाळायचा. शेजारच्या आजी तर दुसऱ्या बाजूनं जायला लागल्या. आई तिला उचलून आत आणायची तेव्हा पोर लाथा झाडायची.

शेवटी एका दुपारी आईनं स्टुडिओत बसून नावाडी परत येतो तो भाग काढून टाकला. दिव्यावर सिनेमा संपवला, संगीत हळूच विरवलं. तिनं आयुष्यात इतकं सफाईदार काम पुन्हा केलं नाही. त्या संध्याकाळी मुंगीनं सिनेमा बघितला, "संपला?" म्हणाली, आणि खेळायला गेली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, पण ते रडणं सुटकेचं होतं.

एवढंच असतं तर ती गुरुवारीच हसत हसत सांगून मोकळी झाली असती. पण पुढच्या वर्षी एका दुपारी, मुंगी शाळेत असताना, नवरा खरोखरच दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी, दाढी केलेली, तोंड उतरलेलं. आईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "ती विसरलीय तुला," ती म्हणाली. "आत्ता कुठे घडी बसलीय. विस्कटू नकोस." तो म्हणाला, शाळा सुटेपर्यंत थांबतो, नुसतं बघून जातो. ती नको म्हणाली. तो गेला, आणि पुन्हा आला नाही. हे आईनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि एक धागा ओढला की दुसरा त्याच्यामागून येणार, मग लेक आपल्याला काय म्हणेल, याची तिला धास्ती होती.

शुक्रवारी तिनं चालढकल केली. सीडीवर चरे पडलेत असं सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण रविवारी पोरगी भर सभेत तोंडघशी पडणार, आणि तिला तिथे पाडणारी आपण, हे तिला बघवलं नसतं. शनिवारी दुपारी तिनं मुंगीला स्टुडिओत बोलावलं, शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि स्टुडिओच्या कपाटात इतकी वर्षं ठेवलेली मूळ सीडी लावली.

सिनेमाच्या शेवटी नावाड्याच्या पोरीनं दिवा लावला. मुंगी पाठ असल्यासारखी उठायला लागली, तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं.

मुंगी परत बसली. नावाडी आत आला, त्यानं पोरीला उचललं, नावं सरकायला लागली, तरी ती बघतच होती. मग म्हणाली, "हा छोटा आहे?"

"हो."

"आणि आपला?"

"आपला मी कापला." मग आईनं स्टुलाचं, कडीचं, जिन्यातल्या माणसांचं सगळं सांगितलं. मुंगी आधी लालबुंद झाली. "वर्षभर मी तिथे अक्कल पाजळतेय आई! त्या औषधवाल्याला मी अडाणी म्हणाले!" मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले आणि तिनं आईचा हात धरला. "मी खरंच दारात उभी राहायचे?"

"रोज."

"मग बरंच केलंस तू. नाहीतरी खऱ्यात कुठे कोण परत आलं? तुझीच प्रत खरी निघाली की."

इथे आई गप्प बसली असती तर भागलं असतं. लेक हात धरून बसली होती, रागावली नव्हती, उलट शाबासकी देत होती. कुणी विचारणारं नव्हतं. आईला तो हात सोडवेना, आणि तसाच धरून ठेवणंही जमेना.

"आले होते," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझे बाबा. पुढच्या वर्षी. तू शाळेत होतीस. ते थांबतो म्हणत होते, मी थांबू दिलं नाही. तू त्यांना विसरलीस असं मी सांगितलं."

मुंगीनं हात काढून घेतला. "मी विसरले होते?"

"नाही. दारात उभी राहणं सोडलं होतंस, एवढंच. रात्री झोपताना विचारायचीस."

मुंगीनं खुर्ची मागे सरकवली. मग तिनं एकच विचारलं, "ते रडले का?" आई म्हणाली, हो. मुंगी उठून निघून गेली. घरी आल्यावरही खोलीचं दार लावून बसली, आणि आईनं ताट झाकून ठेवलं ते सकाळपर्यंत तसंच राहिलं. सकाळी पायात चपला घालताना मात्र तिनं विचारलं, "तू येणार आहेस ना?" आई निमूट मागून चालायला लागली.

वाचनालयाचा हॉल त्या दिवशी भरला होता. औषधवाल्यानं लांब प्रतीतलं जेवण दाखवलं आणि पुस्तकातली पानं धडाधड वाचून दाखवली. मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "आता छोट्यांची बाजू." मुंगी उठली. तिच्या हातात ना पेनड्राइव्ह होता ना भाषण.

"माझ्याकडे दाखवायला काही नाही," ती म्हणाली. "मी हा सिनेमा अजून पाहिलेलाच नाही. म्हणजे कुठलीच प्रत नीट पाहिलेली नाही. तर माझं मत धरू नका. तुम्ही जो लावाल तो मी बघेन."

हॉलमध्ये कुजबुज झाली. औषधवाल्याला जिंकल्याचा आनंदही धड घेता येईना, इतका तो बावचळला. "बरं वाटत नाही का तुला?" त्यानं विचारलं. "बरी आहे," मुंगी म्हणाली आणि बाहेर पडली. कॉलेजातली पोरं एकमेकांकडे बघत राहिली, आणि आई खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यामागे गेली.

मुंगी जिन्यात बसली होती. "नंबर आहे तुझ्याकडे?"

होता. मुंगीच्या आत्यानं कधीतरी बाजारात गाठून बळेच दिला होता, आणि आईनं तो ना कधी लावला, ना काढून टाकला. तिनं आकडे सांगितले. मुंगीनं नंबर लावला, फोन पायरीवर ठेवला आणि स्पीकर लावला. रिंग वाजत राहिली. आईला वाटलं, उचलला नाही तर किती बरं होईल. आपल्याला असं वाटलं याची तिला लाजही वाटली.

"हॅलो, कोण बोलतंय?" आवाज म्हातारा झाला होता.

मुंगीनं आपलं शाळेतलं नाव सांगितलं, आडनावासकट, हजेरीला सांगतात तसं. पलीकडे काहीच आवाज नाही. कट झाला की काय म्हणून तिनं वाकून पाहिलं.

"मुंगी?" फोनमधून आलं.

मुंगीनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. "हो," ती म्हणाली. मग आईकडे न बघता तिनं हातानं खूण केली, तू खाली जा.

आई खाली गेली आणि सायकली लावतात तिथे उभी राहिली. वरून हॉलमधल्या मतदानाचा गलका ऐकू येत होता, जिन्यातला आवाज मात्र येत नव्हता. तो काय सांगत असेल, त्या दुपारबद्दल, उंबऱ्याबद्दल, तिच्याबद्दल, ते तिला कळायला मार्ग नव्हता. मुंगी खाली आल्यावर त्यातलं काय सांगेल आणि काय गाळेल, ते मुंगी ठरवणार होती. आईला फार भीती वाटत होती. तरी ती तिथेच थांबली.